प्रवासातील क्षणिक भारहीनता

प्रवासातील क्षणिक भारहीनता म्हणजे वाहन रस्त्यावरील उंचवट्याच्या माथ्यावरून जाताना, उद्वाहन खाली निघताना, नौका लाटेवरून उतरताना किंवा विमान अधोगामी वाऱ्यात सापडल्यावर प्रवाशाला काही क्षण येणारा शरीर हलके झाल्याचा अनुभव होय. या वेळी आसनाचा शरीरावरील दाब कमी होतो किंवा पूर्णपणे नाहीसा होतो. दाब नाहीसा होऊन शरीर आसनापासून सुटते, तेव्हा त्या अवस्थेला रोलरकोस्टरच्या परिभाषेत 'एअरटाइम' असे म्हणतात. मनोरंजन उद्यानात हा अनुभव मुद्दाम आखून दिला जातो. दैनंदिन प्रवासात तो रस्त्याची रचना, वाहनाचा वेग आणि प्रवाशाची वाहनातील जागा यांच्या योगायोगाने मिळतो. अनुभव दोन्हीकडे एकच असला, तरी रोलरकोस्टरमध्ये प्रवाशाला आसनाशी आणि गाडीला रुळाशी धरून ठेवणारी जी यंत्रणा असते, ती बस, दुचाकी वा रिक्षात नसते. त्यामुळे या विषयाला गमतीइतकीच सुरक्षिततेचीही बाजू आहे.

संज्ञा व भाषिक प्रयोग

'एअरटाइम' हा शब्द मराठीत प्रसारमाध्यमांतील प्रक्षेपणकाळ या अर्थीही वापरला जातो. प्रस्तुत लेखातील अर्थ त्याहून वेगळा आहे. भौतिकशास्त्रात या अवस्थेस 'भारहीनता' किंवा 'वजनरहित अवस्था' म्हणतात. दाब पूर्णपणे नाहीसा न होता केवळ कमी झाला असेल, तर 'आंशिक भारहीनता' ही संज्ञा योग्य ठरते. रस्त्यावरील बहुतेक अनुभव या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

बोलभाषेत या अनुभवासाठी 'पोटात गोळा येणे' हा वाक्प्रचार सर्वांत रूढ आहे. एरवी तो भीतीचा वाचक असला, तरी जत्रेतील आकाशपाळणा माथ्यावरून खाली येताना किंवा बस उंचवट्यावरून उतरताना होणाऱ्या प्रत्यक्ष शारीरिक जाणिवेसाठीही तो सर्रास वापरतात. 'पोटात खड्डा पडणे' आणि लहान मुलांच्या बोलण्यातील 'पोटात गुदगुल्या होणे' हे प्रयोगही याच जाणिवेचे आहेत. त्यानंतर लगेच बसणाऱ्या धक्क्याला 'गचका' किंवा 'दणका' म्हणतात. अशा रीतीने बोलभाषेने या घटनेचे दोन भाग नेमके वेगळे केले आहेत : आधी आसन सुटण्याचा 'गोळा' आणि मग आसनावर पुन्हा आदळण्याचा 'गचका'. गमतीचा संबंध प्रामुख्याने पहिल्या भागाशी, तर दुखापतीचा दुसऱ्या भागाशी असतो.

भौतिक स्पष्टीकरण

माणसाला स्वतःच्या वजनाची जी जाणीव होते, ती पृथ्वीच्या आकर्षणाची थेट जाणीव नसते. जमीन, खुर्ची किंवा आसन शरीराला वर ढकलत असते आणि त्या दाबालाच शरीर 'वजन' म्हणून ओळखते. आधाराने शरीराला वर ढकलणे थांबवले, की गुरुत्वाकर्षण पूर्ववत चालू असूनही वजन जाणवत नाही. मुक्तपणे खाली पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणार नाही, हा विचार आल्बर्ट आइनस्टाइन यांना १९०७ साली बर्न येथील पेटंट कार्यालयात नोकरीस असताना सुचला आणि पुढे तोच सामान्य सापेक्षता सिद्धांताचा आरंभबिंदू ठरला.

वाहन उंचवट्याच्या माथ्यावरून जाते तेव्हा त्याचा मार्ग खालच्या बाजूस वळलेला असतो. या वक्र मार्गावर राहण्यासाठी वाहनाला व प्रवाशाला खालच्या दिशेने त्वरण मिळावे लागते. त्याचे मूल्य वेगाच्या वर्गास वक्रतेच्या त्रिज्येने भागले असता मिळते. गुरुत्वाकर्षणाचा जेवढा भाग हे त्वरण देण्यात खर्ची पडतो, तेवढा आसनावरील दाब घटतो. हे त्वरण गुरुत्व त्वरणाइतके, म्हणजे सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग (१ जी) झाले, की दाब शून्य होतो. त्याहूनही अधिक झाले, तर आसन शरीरापेक्षा वेगाने खाली जाते आणि दोघांमध्ये फट पडते. प्रवासी 'वर उडाला' असे पाहणाऱ्याला वाटते. वास्तविक तो आपल्या वाटेने जात असतो आणि वाहन त्याच्याखालून निघून गेलेले असते.

माथ्यावर पूर्ण भारहीनता येण्यासाठी लागणारी वक्रतेची त्रिज्या वेगानुसार पुढीलप्रमाणे असते :

- ताशी २० किलोमीटर : सुमारे ३ मीटर
- ताशी ४० किलोमीटर : सुमारे १३ मीटर
- ताशी ६० किलोमीटर : सुमारे २८ मीटर
- ताशी ८० किलोमीटर : सुमारे ५० मीटर
- ताशी १०० किलोमीटर : सुमारे ७९ मीटर

वेग दुप्पट झाल्यास परिणाम चौपट होतो. सावकाश जाताना जाणवतही नाही असा उंचवटा वेगात गेल्यास आसनावरून उचलतो, याचे कारण हेच आहे. या हिशोबात प्रवाशाच्या वस्तुमानाचा संबंध येत नाही. भारहीनतेचा काळही अल्प असतो. आसनापासून ५ सेंटिमीटर वर जाऊन परत येण्यास सुमारे ०.२ सेकंद लागतात. अर्धा सेकंद तरंगायचे झाल्यास जवळजवळ ३० सेंटिमीटर उंच जावे लागेल.

हे स्पष्टीकरण वाहन एकसंध आणि ताठ आहे असे गृहीत धरते. प्रत्यक्षात चाके आणि सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंग किंवा पाटे असतात, टायर दबतात आणि वाहन पुढेमागे डोलते. त्यामुळे एकाच उंचवट्यावर एकाच वाहनातील निरनिराळ्या प्रवाशांना निरनिराळा अनुभव येतो.

शरीरातील जाणीव

शरीराची उभ्या दिशेतील हालचाल प्रामुख्याने अंतर्कर्णातील तोलेंद्रियांना कळते. तेथील दोन पिशव्यांमध्ये जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. डोके वरखाली वा पुढेमागे वेग घेऊ लागले, की हे कण मागे राहतात, खालचे संवेदी केस वाकतात आणि मेंदूला संदेश जातो. दोहोंपैकी लहान पिशवी उभ्या दिशेतील त्वरणास विशेष संवेदनशील असते. याखेरीज मांड्या व पाठीच्या त्वचेतील दाबसंवेदक आणि स्नायू व सांध्यांतील संवेदक आसनाचा दाब कमी झाल्याचे कळवतात.

पोटातील जाणिवेचे कारण वेगळे आहे. जठर, आतडी, यकृत हे अवयव शरीराच्या भिंतीला पक्के चिकटलेले नसून पातळ बंधांनी टांगलेले आणि एकमेकांवर टेकलेले असतात. एरवी त्यांचे वजन या बंधांवर व खालील भागावर सतत पडत असते. आधार सुटताच तो ताण एकदम सैल होतो. हा नेहमीचा ताण नाहीसा झाल्याची जाणीव म्हणजेच 'गोळा' होय. त्याच वेळी शरीर पडण्याच्या शक्यतेला प्रतिसाद देते : हृदयाचे ठोके वाढतात, श्वास क्षणभर थांबतो आणि हात आधार शोधतात.

उंचवटा आधी दिसला असेल, तर स्नायू तयारीत राहतात आणि परिणाम सौम्य वाटतो. म्हणूनच वाहनचालकाला जे फारसे जाणवत नाही, ते झोपेत असलेल्या किंवा खिडकीबाहेर पाहणाऱ्या प्रवाशाला चांगलेच जाणवते. या अनुभवाची आवडनिवडही व्यक्तीगणिक बदलते. काहींना तो हवाहवासा वाटतो, तर काहींना असह्य होतो.

'गाडी लागणे' हा त्रास यापासून वेगळा मानावा लागतो. बोरघाट किंवा आंबेनळी घाटासारख्या नागमोडी रस्त्यावर वाहनाचा वेग कमी असतो आणि वळणे आडवी असतात. तेथे मळमळ होते, पण गोळा क्वचितच येतो. उभ्या हालचालीपैकी साधारणपणे पाच सेकंदांत एक आवर्तन पूर्ण करणारी मंद हालचाल सर्वाधिक मळमळ निर्माण करते. गतिरोधकावरील हालचाल याहून पुष्कळ जलद आणि एकदाच घडणारी असते.

रोलरकोस्टरशी तुलना

रोलरकोस्टरचे मूळ सतराव्या शतकात रशियात बांधल्या जाणाऱ्या बर्फाच्या उंच घसरगुंड्यांत सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्यांची घसरण लोकप्रिय झाली. अमेरिकेत लामार्कस थॉम्पसन यांनी १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथे सुरू केलेली गाडी ताशी अवघ्या दहा किलोमीटरच्या आसपास धावत असे. गाडी रुळावरून उचलली जाण्याचा धोका असल्यामुळे आरंभीच्या रचनांत माथे सौम्य ठेवावे लागत.

ही मर्यादा जॉन मिलर यांच्या शोधामुळे दूर झाली. रुळाच्या खालच्या बाजूने धावणाऱ्या आणि गाडीला रुळाशी जखडून ठेवणाऱ्या चाकांचे पेटंट त्यांना १९१९ साली मिळाले. यानंतर गुरुत्वाकर्षणापेक्षा अधिक त्वरणाने खाली वळणारे माथे बांधणे शक्य झाले. आज दाब जवळपास शून्य होणाऱ्या हळुवार अनुभवाला 'फ्लोटर' आणि आसनातून जोराने उपटल्यासारख्या अनुभवाला 'इजेक्टर' असे शौकीन म्हणतात. महाराष्ट्रात खोपोलीजवळील इमॅजिका या उद्यानात मोठे रोलरकोस्टर आहेत.

रोलरकोस्टर आणि रस्त्यावरील वाहन यांच्यात तीन मूलभूत फरक आहेत. पहिला, रोलरकोस्टरची गाडी खालच्या चाकांनी रुळाला बांधलेली असते. मोटारीची चाके केवळ वजनाने रस्त्यावर टेकलेली असतात. दुसरा, प्रवाशाला मांडीवरील दांडा किंवा खांद्यावरील पट्टा आसनाजवळ ठेवतो, त्यामुळे परत आदळण्याचे अंतर अत्यल्प राहते. तिसरा, माथ्यानंतर येणारी दरी मोठ्या त्रिज्येची असते आणि दाब क्रमाने वाढतो. रस्त्यावरील उंचवट्यानंतर मात्र तो एका क्षणात वाढतो.

दैनंदिन प्रवासातील प्रकार

गतिरोधक

भारतात हा अनुभव बहुधा गतिरोधकावर येतो. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक (१९२७) मिळवलेले आर्थर कॉम्प्टन यांनी १९५३ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात वाहनांचा वेग रोखण्यासाठी उंचवट्यांची रचना केली होती. १९७० च्या दशकात ब्रिटनमधील रस्ता संशोधन प्रयोगशाळेत सुमारे ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच अशा गोलसर गतिरोधकाचा अभ्यास झाला आणि तो आकार अनेक देशांनी स्वीकारला.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या गतिरोधकविषयक मार्गदर्शक सूचनांमध्येही १७ मीटर त्रिज्या, ३.७ मीटर रुंदी आणि १० सेंटिमीटर उंची हीच मापे असून, तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडणे अपेक्षित आहे. या वेगाला माथ्यावरील दाब गणिताने सुमारे २९ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे किंचित हलके वाटते, पण आसन सुटत नाही. त्याच गतिरोधकावर पूर्ण भारहीनता येण्यासाठी वेग ताशी सुमारे ४६ किलोमीटर असावा लागतो. प्रमाणित गतिरोधकावर गोळा येणे हे वेग अपेक्षेच्या दुपटीजवळ पोहोचल्याचे लक्षण समजता येते.

अनेक ठिकाणी गतिरोधक या मापांनुसार नसतात. गल्लीत, गावाच्या वेशीवर किंवा शाळेपुढे सिमेंट वा डांबराचा अरुंद, उभा उंचवटा टाकलेला आढळतो. अशा अरुंद उंचवट्यावर वर सांगितलेले गणित लागू पडत नाही. तेथे चाकाला जवळजवळ हातोड्यासारखा ठोका बसतो आणि मग वाहनाचा सांगाडा स्प्रिंगवर उसळतो. जड मोटारीत वेगाने गेल्यास हा ठोका स्प्रिंगमध्ये जिरू शकतो, त्यामुळे अरुंद उंचवटा वेगवान मोटारीला कमी आणि सावध दुचाकीस्वाराला अधिक त्रास देतो. रुंद, गोलसर आकाराचा पुरस्कार होण्यामागे हेच कारण आहे.

मोऱ्या, पूल आणि रस्त्याचे चढउतार

ग्रामीण रस्त्यांवर ओढ्यावरील मोरी हे या अनुभवाचे नेहमीचे ठिकाण असते. मोरीचे किंवा पुलाचे बांधकाम पक्क्या पायावर असते. त्याच्या दोन्ही बाजूंचा मातीचा भराव मात्र काळाच्या ओघात खचतो. त्यामुळे मूळचा सपाट रस्ता मोरीपाशी उंचवट्यासारखा होतो. याची पूर्वसूचना देणारा फलक बहुधा नसतो आणि रात्री हा उंचवटा दिसत नाही. फरशी पुलांवर याच्या उलट क्रम आढळतो : रस्ता आधी खाली उतरतो, तेथे शरीर जड वाटते आणि पुन्हा वर येऊन सपाटीला लागताना हलके वाटते. इंग्लंडमध्ये कालव्यांवरील कमानदार जुने पूल याच अनुभवासाठी प्रसिद्ध आहेत.

बसचे शेवटचे बाक

बसमधील शेवटच्या बाकावर हा अनुभव सर्वाधिक तीव्र असतो. हे बाक मागच्या चाकांच्याही मागे असते. मागची चाके उंचवट्यावर चढतात तेव्हा बस पुढच्या चाकांभोवती फिरल्यासारखी वर उचलली जाते आणि टोकाचा भाग चाकांपेक्षा अधिक उंच जातो. उदाहरणार्थ, पुढच्या व मागच्या चाकांत ६ मीटर अंतर असेल आणि बाक मागच्या चाकांपासून अडीच मीटर मागे असेल, तर चाके १० सेंटिमीटर उचलली गेली असता बाक सुमारे १४ सेंटिमीटर उचलले जाते. ते खालीही तितक्याच प्रमाणात अधिक त्वरणाने जाते.

यामुळे संपूर्ण बस रस्त्याला टेकलेली असताना आणि पुढील प्रवाशांना केवळ हलका धक्का बसला असताना शेवटच्या बाकावरील प्रवासी आसनापासून सुटू शकतो. चालक बसच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असल्याने मागे काय घडले याची त्याला कल्पना येत नाही. महाविद्यालयीन मुले हे बाक हौसेने पकडतात. गर्दीत उशिरा चढलेल्या वृद्धांच्या वाट्याला मात्र ते नाइलाजाने येते.

दुचाकी व रिक्षा

दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती साधारणपणे मागच्या चाकाच्या वर बसते, तिला पुढचा रस्ता नीट दिसत नाही आणि तिच्या हातात हँडल नसते. एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्यांचा तोल अधिक अस्थिर असतो, कारण पाय टेकवून व गुडघ्यांनी घट्ट धरून शरीर स्थिर ठेवणे त्यांना शक्य नसते. आसनाचा दाब नाहीसा होताच घर्षणही नाहीसे होते आणि शरीर बाजूला सरकते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार दुचाकीला मागील स्वारासाठी हाताने धरण्याची सोय, पाय ठेवण्याची जागा आणि मागील चाकाचा निम्म्याहून कमी नसलेला भाग झाकणारे संरक्षक आवरण असणे आवश्यक आहे. तीन चाकी रिक्षात प्रवासी मागील चाकांजवळच बसतात, त्यामुळे त्यांनाही उसळी अधिक जाणवते.

रेल्वे

रेल्वेमार्गावर हा अनुभव सहसा येत नाही. चढ आणि उतार जेथे मिळतात तेथील उभी वळणे अतिशय मोठ्या त्रिज्येची ठेवलेली असतात. भारतीय रेल्वेच्या ब्रॉड गेजवरील प्रमुख वेगवान मार्गांसाठी ही त्रिज्या किमान ४,००० मीटर असते. ताशी १३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत अशा माथ्यावर वजनातील घट सुमारे ३ टक्के भरते आणि ती प्रवाशाच्या लक्षात येत नाही. रेल्वेतील हेलकावे मुख्यतः आडवे असतात.

उद्वाहन

उद्वाहनात हा अनुभव अगदी सौम्य पण नियमित असतो. वरच्या मजल्यावरून खाली निघताना आणि वर जाऊन थांबताना शरीर हलके वाटते. खाली येऊन थांबताना व वर निघताना जड वाटते. एक मीटर प्रति सेकंद वर्ग एवढ्या त्वरणाने खाली निघालेल्या उद्वाहनात ६० किलो वजनाची व्यक्ती वजनकाट्यावर उभी राहिल्यास काटा सुमारे ५४ किलो दाखवतो. शालेय भौतिकशास्त्रात आभासी वजन शिकवताना हेच उदाहरण दिले जाते.

नौका

लाटांवरून जाणाऱ्या छोट्या नौकेत नाळेकडील भाग सर्वाधिक वरखाली होतो आणि मध्यभाग सर्वांत कमी. वेगवान यांत्रिक नौका लाटेच्या माथ्यावरून पुढे निघून पाण्यावर आदळते, तेव्हा नाळेवर बसलेल्यांना गोळा आणि गचका दोन्ही जाणवतात. नौका मध्यभागी स्थिर असते हा कोकण किनाऱ्यावरील प्रवाशांचा व्यवहारज्ञानाचा भाग आहे.

विमान

विमान एकदम खाली गेल्यास 'एअर पॉकेट आला' असे म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात तेथे हवेची पोकळी नसते. वर वाहणाऱ्या हवेतून विमान खाली वाहणाऱ्या हवेत शिरलेले असते. ढगांचे गडगडाटी मनोरे, डोंगररांगांवरून वाहणारे वारे आणि अतिउंचीवरील वेगवान वायुप्रवाहांच्या कडा येथे असे क्षोभ निर्माण होतात. शेवटच्या प्रकारात आकाश निरभ्र असल्याने पूर्वकल्पना मिळणे कठीण असते.

१ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला जाणारे विमान उतरण्याच्या तयारीत असताना तीव्र क्षोभात सापडले व अनेक प्रवासी जखमी झाले. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेले विमान म्यानमारमधील इरावती खोऱ्यावर क्षोभात सापडले. त्यात एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. सिंगापूरच्या तपास यंत्रणेच्या प्राथमिक निष्कर्षानुसार विमानातील उभे त्वरण ०.६ सेकंदात अधिक १.३५ जीवरून उणे १.५ जीवर गेले आणि पुढील ४ सेकंदांत पुन्हा अधिक १.५ जीवर आले. पहिल्या टप्प्यात पट्टा न बांधलेले प्रवासी आसनातून सुटले आणि दुसऱ्या टप्प्यात ते खाली आदळले, असे यंत्रणेने म्हटले आहे. आसनावर असताना पट्टा सतत बांधून ठेवण्याची विमानातील सूचना याच कारणासाठी असते.

अंतराळवीरांच्या प्रशिक्षणासाठी हीच स्थिती विमानात मुद्दाम निर्माण करतात. फ्रिट्झ व हाइन्झ हाबर या बंधूंनी १९५० साली मांडलेल्या कल्पनेनुसार विमान अन्वस्ताकार मार्गाने नेल्यास प्रत्येक फेरीत सुमारे २० ते २५ सेकंद भारहीनता मिळते. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी २६ एप्रिल २००७ रोजी अशा उड्डाणाचा अनुभव घेतला.

झोका व आकाशपाळणा

प्रवासाबाहेरील पारंपरिक खेळांतही हा अनुभव आढळतो. महाराष्ट्रात नागपंचमीला झाडाला झोके बांधण्याची प्रथा आहे. झोका सर्वांत उंच ठिकाणी क्षणभर थांबतो तेव्हा फळीचा दाब सर्वांत कमी असतो. दोर उभ्या रेषेशी ६० अंशांचा कोन करीत असेल, तर तो नेहमीच्या निम्मा होतो. जत्रेतील आकाशपाळण्याची त्रिज्या १० मीटर असून तो १५ सेकंदांत एक फेरी घेत असेल, तर माथ्यावर वजन सुमारे १८ टक्क्यांनी कमी जाणवते. या तुलनेने लहान बदलानेही गोळा येतो, यावरून शरीराची संवेदनशीलता लक्षात येते.

धोके व दुखापती

भारहीनतेचा क्षण स्वतः निरुपद्रवी असतो. इजा होते ती त्यानंतर. आसनापासून सुटलेले शरीर खाली येत असताना आसन स्प्रिंगच्या जोराने वर येत असते. दोघांची गाठ मध्येच पडते आणि धडाचा संपूर्ण भार बसलेल्या स्थितीत कण्यावर येतो. गतिरोधकावरून वेगाने गेलेल्या बसच्या मागील आसनांवरील प्रवाशांच्या कण्याचे मणके दबून मोडल्याच्या घटना निरनिराळ्या देशांतील वैद्यकीय साहित्यात नोंदवल्या गेल्या आहेत. छातीचा कणा जेथे संपतो व कमरेचा सुरू होतो, तेथील मणक्यांना ही इजा प्रामुख्याने होते. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांना, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना, हा धोका अधिक असतो. अशी इजा बाहेरून दिसत नाही. 'नुसता गचका बसला' म्हणून पाठदुखी अंगावर काढली जाण्याचा आणि उपचारास उशीर होण्याचा संभव असतो.

वाहनाच्या दृष्टीने धोका वेगळा आहे. टायरची रस्त्यावरील पकड ही टायरवरील दाबाच्या प्रमाणात असते. प्रवाशाला हलके वाटते त्या क्षणी चाकेही रस्त्यावर कमी दाबाने टेकलेली असतात, त्यामुळे ब्रेक आणि सुकाणू या दोन्हींचा प्रभाव घटतो. उंचवट्याच्या माथ्यावर ब्रेक लावल्यास किंवा वळण घेतल्यास वाहन घसरण्याची शक्यता वाढते. माथ्यापलीकडचा रस्ता दिसत नसल्यामुळे नेमक्या याच ठिकाणी अचानक ब्रेक लावण्याची वेळ येते. पोटातील गोळा ही म्हणून केवळ शरीराची गंमत नसून, वाहनाची पकड सुटू लागल्याची सूचनाही असते.

रस्तारचनेतील उपाय

रस्त्याच्या आखणीत चढ व उतार यांना जोडणाऱ्या माथ्यावरील वक्राची लांबी प्रामुख्याने समोरचा रस्ता किती अंतरापर्यंत दिसावा यावरून ठरवतात. या निकषाने मिळणारा वक्र इतका सौम्य असतो, की नियोजित वेगाला भारहीनता जवळजवळ जाणवत नाही. दरीसारख्या खोलगट वक्रासाठी दोन निकष असतात : रात्री दिव्यांच्या उजेडात दिसणारे अंतर आणि प्रवाशाची सोय. दुसऱ्या निकषात त्वरणातील बदलाचा दर ०.६ मीटर प्रति सेकंद घन इतका मर्यादित ठेवला जातो. शरीराला त्वरणापेक्षा त्वरणातील आकस्मिक बदल अधिक जाणवतो, हे तत्त्व त्यामागे आहे.

गतिरोधकांच्या बाबतीत प्रमाणित माप, काळे-पांढरे पट्टे, आगाऊ सूचनाफलक आणि रात्री चमकणारे परावर्तक यांची शिफारस केली जाते. पुलांच्या जोडरस्त्यांवर भरावाची काळजीपूर्वक दाबणी आणि पूल व भराव यांना जोडणारी काँक्रीटची फरशी हे उपाय योजतात. मोटारीतील पुढील आसनांप्रमाणेच समोर तोंड असलेल्या मागील आसनांवरही पट्टा बांधणे भारतात बंधनकारक आहे. बहुतेक साध्या प्रवासी बसमध्ये मात्र आसनांना पट्टे नसतात. तेथे प्रवाशाचे संरक्षण चालकाने राखलेल्या वेगावरच अवलंबून असते.

गैरसमज

- 'हलकी व्यक्ती अधिक उडते' : एकाच जागी बसलेल्या हलक्या व जड व्यक्तींना भारहीनता सारखीच येते. आसनाचा मऊपणा व बसण्याची पद्धत यांमुळे फरक पडू शकतो.
- 'भारहीनता म्हणजे गुरुत्वाकर्षण नसणे' : गुरुत्वाकर्षण पूर्ण असते, केवळ आधाराचा दाब नसतो. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळवीरांच्या बाबतीतही हेच खरे आहे.
- 'जाड गादीचे आसन सुरक्षित असते' : मऊ गादी धक्का काही प्रमाणात शोषते, परंतु तिच्या उसळीने प्रवासी अधिक उंच फेकलाही जाऊ शकतो.
- 'वेगाने गेल्यास गतिरोधक जाणवत नाही' : हे केवळ अरुंद उंचवट्यांच्या बाबतीत, तेही काही वाहनांपुरते खरे आहे. रुंद गतिरोधकावर वेगाबरोबर परिणाम वाढतच जातो.

हेही पाहा

- आभासी वजन
- गतिरोधक
- मुक्त पतन
- रोलरकोस्टर
- अंतर्कर्ण
- सीट बेल्ट